नोंद, मेळ आणि यंत्रसहायक : महाड-पोलादपूरच्या आरोग्यनोंदींच्या निमित्ताने

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांत महाड तालुका पसरलेला आहे. तेथून दक्षिणेस निघाले की आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याशी पोलादपूर तालुका लागतो. जिल्ह्याचे ठाणे अलिबाग दूर समुद्रकाठी आणि हे दोन्ही तालुके डोंगराच्या अंगाला. येथील गावे वाड्यावाड्यांत विखुरलेली असून पावसाळ्याचे चार महिने रस्ता, वीज आणि दूरध्वनी या तिन्हींचा भरवसा धरता येत नाही. अशा वाडीतील एखाद्या माणसास रात्री विंचू चावला किंवा सर्पदंश झाला, तर त्याच्या दुखण्याची पहिली नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर अथवा उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या हाती असलेल्या वहीत किंवा टॅबवर होते. या पहिल्या नोंदीचे पुढे काय होते, ती कोणत्या वाटेने कोठवर जाते आणि वाटेत तिच्यात कोणता बिघाड होऊ शकतो, हे समजून घेणे आता पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे. याचे कारण असे की, ही नोंद वाचणारा यापुढे केवळ माणूसच असेल असे नाही.

तो नवा वाचक कोण, हे सांगण्यापूर्वी याच मातीत घडलेल्या एका कामाची आठवण देणे उचित होईल.

बिरवाडीचे केसपेपर

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि विशेषतः लहान मुले दगावतात, हे त्यांना तेथे वारंवार पाहावे लागले. त्या काळी या विषयावरील ग्रंथांतून उपयोगी पडेल अशी माहिती फारशी मिळत नसे. रुग्णाच्या उशाशी बसून दंश केव्हा झाला, घाम केव्हा सुटला, उलटी केव्हा झाली, हातपाय केव्हा गार पडले, नाडी व रक्तदाब कितीवर गेले आणि फुप्फुसांत पाणी केव्हा साचू लागले याची तासातासाने नोंद ठेवणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी नेटाने केले. घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची पूर्वसूचना असते, हे या नोंदींवरून उघड झाले. तो निष्कर्ष १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा विंचूदंशावरील उपयोग दाखवून दिला. तो लेखही याच नियतकालिकात १९८६ मध्ये आला. गंभीर रुग्णांत पूर्वी शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर शेकडा पाचाच्याही खाली आले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या कामातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने महाड येथील एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत ७० रुग्णांचे ३५-३५ चे दोन गट करण्यात आले होते. एका गटास प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविषलस देण्यात आली, तर दुसऱ्यास केवळ प्राझोसिन. दहा तासांच्या अखेरीस पहिल्या गटातील ३२ रुग्ण पूर्णतः लक्षणमुक्त झाले होते आणि दुसऱ्या गटातील ८. हा सारा निष्कर्ष 'दहा तास' या शब्दांवर उभा आहे. घड्याळ पाहून वेळ लिहिलेली नसती, किंवा लिहिलेली वेळ कोणत्या क्षणाची हे वाचणाऱ्यास कळले नसते, तर ३२ आणि ८ या आकड्यांना काहीच अर्थ उरला नसता. नोंद आणि नोंदीचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बिरवाडीला त्या दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात होत्या. आज त्यांची ताटातूट झालेली आहे आणि पुढील सर्व प्रश्न तेथूनच उद्भवतात.

वहीतून संगणकात

गेल्या काही वर्षांत आरोग्यनोंदी कागदावरून संगणकावर नेण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. आरोग्य व्यवस्थापनाची मासिक आकडेवारी २००८ पासून राष्ट्रीय संकेतस्थळावर भरली जाऊ लागली. गरोदर माता व बालके यांच्या नावनिहाय नोंदींची पद्धत त्यानंतर आली आणि २०१६ पासून 'अनमोल' या उपयोजनाद्वारे आरोग्यसेविकेच्या हाती टॅब देण्यास आरंभ झाला. साथरोगांच्या सूचनांसाठी २०२१ मध्ये एकात्मिक आरोग्य माहिती मंच सुरू झाला. त्याच वर्षीच्या २७ सप्टेंबरला आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर लागू करण्यात आले व त्याद्वारे इच्छुक नागरिकास १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळू लागला. सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू हे सक्तीने कळवावयाच्या विषयांत घ्यावेत, असे केंद्रीय आरोग्य विभागाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना कळविले. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवलेले आहे. मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याशी पिढ्यान्पिढ्या गाठ पडलेल्या या दोन तालुक्यांना या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

यंत्रे अशी अनेक झाली, म्हणून त्यांच्यात एकवाक्यता राखणारे एक साधन लागू लागले. इंग्रजीत या क्रियेस 'सिंक' म्हणतात आणि आता मराठीतही तोच शब्द रूढ झाला आहे. परंतु आपल्या जमाखर्चातील 'मेळ' हा शब्द त्याचा अर्थ अधिक नेमका सांगतो. दुकानदार रात्री गल्ला मोजून रोजमेळ घालतो, तेव्हा हातातील रोकड आणि वहीतील आकडा जुळवून पाहतो. सिंक साधन हेच करते. टॅबमध्ये काय आहे आणि मध्यवर्ती संगणकात काय आहे, हे ते ताडून पाहते. जे तेथे नाही ते पाठवते, जे येथे नाही ते आणते आणि एकाच नोंदीची दोन रूपे आढळली तर कोणते खरे मानावयाचे ते ठरलेल्या नियमाने ठरवते. चांगल्या साधनात प्रत्येक नोंदीस स्वतःचा कायम क्रमांक असतो. त्यामुळे दूरध्वनीची लहर आली-गेली आणि तीच नोंद तीन वेळा पाठवली गेली, तरी ती एकदाच मोजली जाते. खोडलेली नोंद 'खोडली' म्हणून कळविण्याची सोयही त्यात असावी लागते. ती नसल्यास उपकेंद्रात चुकीची म्हणून काढून टाकलेली नोंद जिल्ह्याच्या संगणकात वर्षानुवर्षे सुखाने नांदते.

डोंगरी भागात हा मेळ रोजच्या रोज बसत नाही. आरोग्यसेविका वाडीवर जाते, तेथे संपर्क नसतो, नोंदी टॅबमध्येच राहतात आणि ती महाड किंवा पोलादपूरच्या रस्त्याला लागली की त्या एकदम वर जातात. ही रीत म्हणजे कोणाची हयगय नव्हे. 'अनमोल'सारखी उपयोजने संपर्काविना चालावीत अशीच बांधलेली आहेत. मात्र घटना घडण्याची वेळ आणि नोंद पोहोचण्याची वेळ यांत त्यामुळे अंतर पडते, हे विसरता कामा नये.

२२ जुलै २०२१ चे उदाहरण घ्यावे. त्या दिवशी सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये येथे दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. वीज गेली, संपर्क तुटला. अशा वेळी टॅबवर किंवा वहीत झालेल्या नोंदी काही दिवसांनी एकगठ्ठा वर जातात, हे ओघानेच आले. आता कल्पना करा की, आठवड्याभरात निरनिराळ्या दिवशी तपासलेले तापाचे रुग्ण एकाच दिवशी मध्यवर्ती संगणकात अवतरले. नोंद पोहोचण्याची तारीख हीच आजाराची तारीख असे कोणी धरले, तर एका दिवसात ताप भडकला असे चित्र उभे राहील. त्याहून वाईट म्हणजे, आदल्या सहा दिवसांत ताप मुळीच नव्हता असेही दिसेल. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यास हे दुसरे चित्र पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे.

नवा वाचक

अनुभवी तालुका आरोग्य अधिकारी हे चित्र पाहताच म्हणेल, "पूर होता, नोंदी उशिरा आल्या असतील," आणि दूरध्वनी करून खात्री करून घेईल. प्रश्न उभा राहतो तो हे काम यंत्राकडे गेल्यावर.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात सध्या ज्याचा बोलबाला आहे, त्या प्रकारास 'एजंट' असे म्हणतात. एजंट म्हटले की आपणास विम्याचा माणूस आठवतो. तुलना अगदीच अस्थानी नाही, कारण दोघेही दुसऱ्याच्या वतीने काम करतात. या लेखात मात्र त्यास यंत्रसहायक म्हणू. साधा संगणकीय कार्यक्रम आखून दिलेल्या पायऱ्यांनीच चालतो. यंत्रसहायकास केवळ काम सांगितले जाते, उदाहरणार्थ "गेल्या तीन महिन्यांतील सर्पदंशाच्या नोंदी पाहून उपचारास उशीर कोठे झाला ते सांग," आणि त्यासाठी कोणते साधन वापरावयाचे, कोणती नोंद मागवावयाची, कोणता हिशेब करावयाचा हे तो स्वतः ठरवतो. सिंक साधन हे त्याच्या हातातील अशांपैकी एक अवजार होय.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. यंत्रसहायकास अवजारे जोडून देण्याचे काही खुले संकेत आता ठरले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने प्रसिद्ध केलेला 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा त्यांपैकी एक होय. या पद्धतीत प्रत्येक अवजाराबरोबर त्याचे साध्या भाषेतील वर्णन जोडलेले असते आणि तेच वाचून यंत्रसहायक अवजार केव्हा व कसे वापरावयाचे ते ठरवतो. पूर्वी यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका कपाटात जाई व झुरळांच्या उपयोगी पडे. यंत्र तिच्याशिवायही चालत असे. आता पुस्तिकेतील वाक्य हा यंत्राच्या चालण्याचाच एक भाग झाला आहे. 'वेळ' एवढाच मोघम शब्द तेथे लिहिलेला असेल, तर यंत्रसहायक त्याचा काहीतरी अर्थ लावील आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने लावील. उपकेंद्रात नव्याने आलेली सेविका वहीतील एखादे आद्याक्षर कळले नाही तर जुन्या सेविकेस विचारते. यंत्रास शेजारी नसतो. विचारावे असे त्यास स्पष्ट सांगितलेले नसेल, तर तो बहुधा न विचारता पुढे जातो.

पुस्तिकेत काय असावे

पहिला प्रश्न वेळेचा. आपल्या डिजिटल अभियानात नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी 'फायर' नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना स्वीकारलेला आहे. त्यात तपासणीच्या एकाच नोंदीस तीन वेळा असू शकतात. तपासणी ज्या क्षणाची आहे ती वेळ, निष्कर्ष दिला गेला ती वेळ आणि नोंदीत शेवटचा बदल झाला ती वेळ. सिंक साधने नव्या नोंदी आणताना बहुधा तिसऱ्या वेळेचा आधार घेतात, कारण "मागच्या भेटीनंतर काय बदलले" हे तिच्यावरूनच कळते. साधनास ती सोयीची असली तरी आजाराशी तिचा काही संबंध नाही. पुस्तिकेत हे ठळकपणे लिहावे लागते. रोगाचा आलेख पहिल्या वेळेवरून काढावा, तिसरी वेळ फक्त मेळासाठी आहे, आणि पहिली वेळ नसेल तर तिच्या जागी तिसरी वापरू नये.

वेळेचा दुसरा सापळा याहून सूक्ष्म आहे. पुष्कळ संगणक वेळ साठवताना जागतिक प्रमाणवेळ वापरतात व ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. १ जुलैच्या रात्री दोन वाजता एखाद्या वाडीत मण्यार चावली, तर संगणकात ती घटना ३० जूनच्या रात्री साडेआठची म्हणून बसते. दिवस बदलला, महिना बदलला आणि मासिक अहवाल बदलला. ज्या नोंदीत वेळेसोबत '+५:३०' असा पल्ला लिहिलेला असतो, तीत घोटाळा होत नाही. जेथे तो नसतो, तेथे पुस्तिकेने सांगितले पाहिजे. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते आणि दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणजे ज्या दंशाच्या वेळेचा नेमका पत्ता लावणे सर्वांत कठीण, तोच या घोटाळ्यात सर्वाधिक सापडावयाचा. खरे तर अशा रुग्णाच्या बाबतीत 'दंशाची वेळ' आणि 'लक्षणे सुरू झाल्याची वेळ' हे दोन रकाने वेगळे हवेत आणि पहिला रकाना 'माहीत नाही' असा भरण्याची मुभा हवी.

'माहीत नाही' यावरून दुसरा प्रश्न निघतो. आपल्या कार्यालयांत 'निरंक' हा एक उत्तम शब्द आहे. पाहिले, मोजले आणि काही आढळले नाही, असा त्याचा अर्थ. कोरा रकाना म्हणजे निरंक नव्हे. कोऱ्या रकान्याचा अर्थ पाहिलेच नाही, विचारले पण सांगितले नाही, किंवा पाहिले पण लिहावयाचे राहिले, यांपैकी काहीही असू शकतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकानेच एका माहितीपत्रकासाठी तक्ता करताना एका तालुक्याचा कोरा रकाना शून्य समजून छापावयास दिला होता आणि त्या तालुक्याचे नाव उत्तम कामगिरीत आले. चूक लक्षात आली ती छपाईनंतर. यंत्रसहायकही हीच चूक करू शकतो आणि तो ती एका तक्त्यात न करता हजार नोंदींत करील. 'फायर' नमुन्यात माहिती का नाही याचे कारण नोंदवण्यासाठी स्वतंत्र जागा आहे. साधनाने ती जागा रिकामी सोडून दिली, तर पुस्तिकेतील सर्व शहाणपण वाया जाते.

एककांचा प्रश्न थोडक्यात उरकता येईल, परंतु त्यातील धोका थोडका नाही. महाडच्या चाचणीत प्राझोसिनची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम अशी होती. पंधरा किलो वजनाच्या मुलास ती ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी होते. नोंदीत केवळ '४५०' आले आणि वाचणाऱ्याने ते मिलिग्रॅम समजले, तर फरक हजारपटीचा पडतो. रक्तातील साखर, तापमान, हिमोग्लोबिन यांचेही तसेच. पुस्तिकेत असा नियम असावा की, एकक नसलेला आकडा हिशेबात घेऊ नये, तो माणसाकडे परत पाठवावा. औषधाची मात्रा ठरविणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम आहे व ते यंत्रसहायकाकडे जाता कामा नये, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी. तरीही ते पुस्तिकेत लिहावेच, कारण जे लिहिलेले नाही ते यंत्रास ठाऊक नसते.

यानंतर माणूस ओळखण्याचा प्रश्न येतो आणि तो या भागात फार गुंतागुंतीचा आहे. पोलादपूर तालुक्यातील मुलगी महाड तालुक्यात दिली. सासरी गरोदरपणाची नोंद झाली, पहिल्या बाळंतपणास ती माहेरी आली. सासरच्या वहीत एक नाव, माहेरच्या तोंडी दुसरे, रोमन लिपीत लिहिताना दोन्हींची स्पेलिंगे निराळी. यंत्राच्या दृष्टीने या दोन बायका झाल्या. पहिलीची प्रसूती कधी झालीच नाही आणि दुसरीची गरोदरपणात एकही तपासणी नाही. घराघरांतून माणसे मुंबईस कामाला आहेत. त्यांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या नोंदी तिकडे होतात आणि गणपतीला किंवा शिमग्याला गावी आल्यावर दुखणे उद्भवले तर येथील केसपेपर कोराच असतो. 'आभा' क्रमांकाने यावर तोडगा निघू शकतो, परंतु तो क्रमांक ऐच्छिक आहे आणि प्रत्येकापाशी असेलच असे नाही. म्हणून दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे यंत्रसहायकाने केव्हा धरावे, केव्हा नुसते सुचवावे आणि केव्हा गप्प बसावे, याची सीमारेषा पुस्तिकेत आखून द्यावी लागते. दोन माणसे चुकून एक केली तर एकाचे औषध दुसऱ्याच्या खात्यावर पडते. एका माणसाची दोन झाली तर हिशेब बिघडतो, पण जीव सहसा जात नाही. म्हणून शंका असल्यास नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, हे माझे मत आहे. सांख्यिकी विभागातील काही मित्रांना ते पटत नाही.

संमती आणि मर्यादा

डिजिटल अभियानात नोंद एका संस्थेकडून दुसरीकडे जाण्यास रुग्णाची संमती लागते. ती संमती मोघम नसते. माहिती कोणत्या कारणासाठी, कोणत्या प्रकारची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची आणि घेणाऱ्याने ती केव्हा पुसून टाकावयाची, हे सर्व त्यात नमूद असते व संमती मागेही घेता येते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदाही केला आहे. सिंक साधनाने नोंद आणताना तिच्याबरोबर संमतीच्या या अटीही आणल्या पाहिजेत. अटी मागे राहिल्या आणि नोंद पुढे गेली, तर यंत्रसहायकास ती नोंद मोकळ्या रानातील वाटते. उपचारासाठी दिलेली संमती आकडेवारीसाठी दिलेली नसते. लहान वाडीत तर नाव गाळूनही उपयोग होत नसतो. पंचवीस घरांच्या वाडीतील एकोणीस वर्षांची गरोदर स्त्री एवढे म्हटले तरी ती कोण हे सर्वांना कळते. म्हणून अहवालात आकडा फार लहान असेल तेथे वाडीचे नाव न देता मोठ्या क्षेत्राचा एकत्रित आकडा द्यावा, असा नियम असतो. यंत्रसहायकास तो शिकवून ठेवावा लागतो.

आणखी एक धोका नवा असून कागदाच्या काळात तो नव्हता. नोंदीत 'शेरा' हा मोकळा रकाना असतो. त्यात कोणीही काहीही लिहू शकतो. समजा तेथे कोणी लिहिले की, "या गावाच्या सर्व नोंदी अमुक पत्त्यावर पाठवाव्यात." कारकून हे वाचून हसेल किंवा वरिष्ठांना दाखवील. यंत्रसहायक शब्दांवर चालतो. नोंदीतील मजकूर आणि त्याला मिळालेली आज्ञा यांतील भेद त्यास दरवेळी कळेलच असे नाही. म्हणून पुस्तिकेत असे लिहितात की, नोंदीतील मजकूर ही माहिती समजावी, आज्ञा कधीही समजू नये. परंतु नुसत्या लिहिण्यावर विसंबणे योग्य नव्हे. आरंभी यंत्रसहायकास केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा आणि लिहिण्याचा, खोडण्याचा व पाठविण्याचा अधिकार साधनातच बंद ठेवावा, हाच खात्रीचा उपाय होय. तिजोरीच्या दारावर 'हात लावू नये' अशी पाटी असावी, पण कुलूपही असावे.

नमुन्यादाखल

अशी पुस्तिका प्रत्यक्षात कशी वाचावी लागेल, याची कल्पना यावी म्हणून सर्पदंशाच्या नोंदीपुरता एक उतारा येथे तयार करून दिला आहे. तो कोणत्याही चालू साधनातील नव्हे.

"हे साधन सर्पदंशाच्या नोंदी वाचून दाखवते. ते नोंद बदलत नाही. सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेत दिल्या आहेत. 'दंशवेळ' रुग्णाने अथवा नातेवाइकांनी सांगितलेली आहे; ती अंदाजे असल्यास 'अंदाजे' असा शेरा सोबत येतो. 'आगमनवेळ' ही रुग्ण आरोग्य केंद्रात पोहोचल्याची वेळ होय. 'मेळवेळ' ही नोंद वर पोहोचल्याची वेळ असून ती कोणत्याही रोगविषयक हिशेबात वापरू नये. 'रक्तगोठण चाचणी' म्हणजे कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवलेले रक्त गोठले की नाही याचा निकाल. 'गोठले', 'गोठले नाही' आणि 'चाचणी केली नाही' ही तीनच उत्तरे संभवतात, व तिसरे उत्तर पहिल्यासारखे समजू नये. चाचणी पुन्हा केलेली असू शकते. प्रत्येक निकाल त्याच्या वेळेसह स्वतंत्र दिला आहे, केवळ शेवटचा पाहू नये. जून ते सप्टेंबर या काळात डोंगरी उपकेंद्रांच्या नोंदी अनेक दिवस उशिरा येऊ शकतात. म्हणून गेल्या दहा दिवसांत नोंद नाही याचा अर्थ दंश नाही असा घेऊ नये. अर्थ न लागल्यास थांबावे आणि केंद्रातील जबाबदार व्यक्तीस विचारावे."

या उताऱ्यातील अखेरची तीन वाक्ये दूरच्या शहरात बसलेल्या संगणकतज्ज्ञास लिहिता येणार नाहीत. पावसाळ्यात नोंदी किती दिवस रखडतात, कोणत्या वाडीस संपर्क नाही, दंशाची वेळ लोक कोणत्या शब्दांत सांगतात, हे आरोग्यसेविकेस, आशा कार्यकर्तीस आणि गावच्या शिक्षकास ठाऊक असते. "कोंबडा आरवायच्या सुमारास" किंवा "पहिली एस.टी. गेल्यावर" ही वेळ सांगण्याची रीत आजही आहे आणि तिचे घड्याळात रूपांतर करणारी व्यक्ती गावातीलच असते. म्हणून अशा साधनाची पुस्तिका तयार होताना तिचा मसुदा प्राथमिक आरोग्य केंद्रात वाचून दाखवावा, तेथील हरकती लिहून घ्याव्यात आणि त्यानंतरच तो कायम करावा, अशी सूचना करावीशी वाटते. पुस्तिकेवर आवृत्तीची तारीखही हवी. रकान्याचा अर्थ एका वर्षी बदलला आणि पुस्तिका जुनीच राहिली, तर पूर्वीच्या व नंतरच्या नोंदी एकाच मापाने मोजल्या जातात.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने यातील तांत्रिक भाग सोडून दिला तरी चालेल. जन्म व मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते आणि सर्पदंशाने घरीच दगावलेल्या माणसाची दखल कित्येकदा तेवढ्या एकाच जागी राहते, कारण तो आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचलेलाच नसतो. आरोग्य केंद्राच्या आकड्यांत तो कधीच दिसणार नाही, मग मेळ कितीही चोख असो. ग्रामसभेपुढे आरोग्याचा आकडा आला म्हणजे तो कोणत्या तारखेच्या आधाराने काढला, कोऱ्या रकान्यांचे काय केले आणि गावच्या मृत्युनोंदवहीशी तो जुळवून पाहिला काय, एवढे विचारण्यास कोणत्याही यंत्राचे ज्ञान लागत नाही. मृत्युनोंदवही पंचायतीच्याच कपाटात असते. पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या सभेस ती बाहेर काढून चार महिन्यांची पाने आरोग्यसेविकेच्या नोंदींशेजारी ठेवता येतील.